पडद्यावरचे तीन आकडे : नेव्हिगेशन, वेगमर्यादा आणि वाटेची निवड

गाडीतील नेव्हिगेशनविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : नाशिकहून मुंबईकडे येताना एकाच ठिकाणी गाडीच्या पडद्यावर १००, मोबाइलवरील नकाशात ८० आणि रस्त्याचे काम चालू असल्याने लावलेल्या फलकावर ४० अशा तीन मर्यादा दिसल्या. मी मोबाइलवर विसंबून चाललो आणि पुढे ई-चलान आले. नकाशात दाखवलेली मर्यादा बचाव म्हणून मांडता येईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ नुसार कमाल वेग ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा एखाद्या रस्त्याच्या अथवा पुलाच्या स्वरूपामुळे तो आणखी खाली आणून तसे फलक लावण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. नकाशा तयार करणाऱ्या कंपनीला या साखळीत कुठेही जागा नाही. याच कलमात एक छोटी तरतूद आहे, जी आपल्या बाबतीत महत्त्वाची ठरू शकते : निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल, तर तो राजपत्रात प्रसिद्ध करण्याची आवश्यकता नसते. म्हणजे कामासाठी पंधरा दिवस लावलेला ४० चा फलक कायद्याने पूर्ण बंधनकारक असतो. मात्र नकाशावाल्यांनी जिथून त्याची दखल घ्यावी असा कागद कुठेच निघालेला नसतो.

या प्रश्नाच्या मुळाशी एक गैरसमज आहे व तो बहुतेक पत्रांत डोकावतो. पडद्यावर शेजारी शेजारी दिसणारे तीन आकडे, म्हणजे आपला चालू वेग, त्या रस्त्याची मर्यादा आणि पोहोचण्याची वेळ, हे एकाच जाणत्या यंत्राने मोजलेले असतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात. चालू वेग उपग्रहांच्या संदेशांवरून त्याच क्षणी काढलेला असतो. पोहोचण्याची वेळ त्या वाटेवरून जाणाऱ्या इतरांच्या मोबाइलवरून कळते. वेगमर्यादा मात्र मोजलेली नसतेच. कुणीतरी कधीतरी नोंदवून ठेवलेली ती माहिती असते, आणि तिन्हींमध्ये सर्वांत लवकर शिळी होते तीच.

ही नोंद होते कशी? नकाशात रस्ता म्हणजे अनेक छोट्या तुकड्यांची माळ असते व प्रत्येक तुकड्याला मर्यादेचा एक आकडा जोडलेला असतो. हा आकडा कॅमेरे बसवलेल्या सर्वेक्षण-गाड्यांनी टिपलेल्या फलकांवरून, वाहतूक पोलिसांनी दिलेल्या याद्यांवरून किंवा वापरणाऱ्यांनी कळवलेल्या दुरुस्त्यांवरून येतो, आणि यांपैकी काहीच हाती नसेल तर रस्त्याचा दर्जा पाहून अंदाजाने भरला जातो. चौपदरी दिसला की १००, साधा दिसला की ७०, असा तो हिशेब असतो. शिवाय मर्यादा जिथे बदलते तिथे नकाशातील रेषाही नेमकी तोडावी लागते. मुंबईच्या किनारी रस्त्यावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर व आत-बाहेर जाणाऱ्या मार्गिकांवर ४० अशी रचना आहे. अटल सेतूवर मोटारींना १००, पण चढण्या-उतरण्याच्या रॅम्पवर ४० आहे. अशा ठिकाणी नकाशातील तुकडा दोनशे मीटर पुढे तुटला, तर मोटार रॅम्पवर वळली तरी पडदा १०० च दाखवत राहतो.

दुसरी अडचण वाहनाच्या प्रकाराची. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर चालकाशिवाय आठ आसनांपर्यंतच्या मोटारींसाठी १२०, त्याहून मोठ्या प्रवासी वाहनांसाठी १०० आणि मालवाहू वाहनांसाठी ८० अशी कमाल मर्यादा आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर हेच आकडे १००, ९० आणि ८० होतात, तर नगरपालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर मोटारींना ७० आणि बाकी दोघांना ६०. म्हणजे एकाच रस्त्याला एकाच वेळी तीन मर्यादा लागू असतात. पडद्यावर दिसतो तो एकच आकडा, आणि तो सहसा मोटारीचा असतो. कुटुंबासह बारा आसनी गाडी घेऊन देवदर्शनाला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण समृद्धी महामार्गावर पडदा १२० दाखवील, पण तो आकडा त्यांच्यासाठी नाही.

गाडीतच बसवून येणाऱ्या नकाशाचे दुखणे वेगळे आहे. तो गाडी तयार झाली त्या काळचा असतो, आणि पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा इंटरनेटवरून तो अद्ययावत करून घ्यायचे बहुतेकांकडून राहून जाते. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मधल्या काळात घेतलेल्या आणि नकाशा कधीच न बदललेल्या गाडीतून या शेवटच्या टप्प्यावर गेल्यास, पडद्यावरचा बाण ओसाड माळावरून धावताना दिसतो आणि बाई काकुळतीला येऊन ‘शक्य असेल तेथे मागे वळा’ म्हणत राहते. रस्ताच नाही तिथे मर्यादा कुठून येणार!

फलक वाचणारा कॅमेरा ज्या नव्या गाड्यांत आहे त्यांचे तुलनेने बरे आहे. पण पुढे चाललेल्या ट्रकच्या पाठीवर रंगवलेला ‘८०’ वाचून तीच रस्त्याची मर्यादा समजण्याची चूक तोही करू शकतो.

चलानाबद्दल एवढेच सांगतो की, फलक झाडीआड गेला होता, उलटा पडला होता किंवा नव्हताच, असे असेल तर त्या जागेचे छायाचित्र जोडून महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली हलक्या वाहनांना १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे, तेव्हा तक्रारीचा खटाटोप करण्याजोगा आहे. मात्र ‘मोबाइल ८० म्हणत होता’ हे त्या तक्रारीत लिहू नये. आपण फलकाकडे न पाहता पडद्याकडे पाहत होता, याचीच ती कबुली ठरेल.

प्रश्न : पुण्यात वारज्याहून वाकडकडे मुख्य महामार्गावरून जाताना मर्यादेचा आकडा मध्येच एकदम खाली येतो, काही सेकंद तसाच राहतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. नकाशा बिघडला आहे का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : नकाशा ठीक असावा, आपली गाडी नेमक्या कोणत्या रस्त्यावर आहे हे ठरवताना गफलत होत आहे. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे स्थान साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या भरवशावर हे साधते म्हणजे नवलच. पण महामार्ग आणि सर्व्हिस रोड यांच्यामध्ये केवळ एक कठडा असेल, तर पाच मीटरमध्ये रस्ता बदलतो. बाजूला उंच इमारती असल्या की संदेश त्यांच्यावर आपटून उशिरा पोहोचतो आणि चूक आणखी वाढते.

म्हणून केवळ जवळची रेषा न धरता, मागच्या काही क्षणांतील जागांची मालिका पाहून ‘ही गाडी इथून तिथे कोणत्या रस्त्याने जाऊ शकली असेल’ याची संभाव्यता काढली जाते. कठडा कुठे तुटलेला आहे, म्हणजे मुख्य रस्त्यावरून सर्व्हिस रोडवर कुठे उतरता येते, हे नकाशात अचूक नोंदलेले असेल तर ही पद्धत सहसा फसत नाही. आपल्याकडे असे कट कामाच्या सोयीने उघडतात आणि बंद होतात. नेमक्या त्याच जागी आकडा उड्या मारतो, हे आपण पुढच्या वेळी पडताळून पाहावे. अर्थात गाडी दुसरे कुणी चालवत असताना.

उड्डाणपुलांवर हीच अडचण उभ्या दिशेने येते. मोहम्मद अली रोड आणि त्याच्या डोक्यावरून जाणारा सुमारे अडीच किलोमीटरचा जे. जे. उड्डाणपूल नकाशात एकावर एक पडतात, आणि उपग्रहांवरून मिळणारी उंची ही आडव्या स्थानापेक्षा बरीच कमी विश्वासार्ह असते. बोगद्यात तर संदेशच येत नाही. इगतपुरीजवळच्या समृद्धीच्या सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात मोबाइल शेवटच्या वेगावरून अंदाजाने बाण पुढे ढकलत राहतो, तर गाडीच्या अंगच्या नेव्हिगेशनला चाकांच्या फेऱ्यांची माहिती मिळत असल्याने ते अशा ठिकाणी सरस ठरते. जुन्या नकाशाबद्दल वर नावे ठेवली असली तरी हे श्रेय त्याला द्यायला हवे.

प्रश्न : गाडीचा काटा १०० दाखवतो तेव्हा मोबाइल ९४ किंवा ९५ दाखवतो. खरे कोणाचे? आणि ८० च्या पुढे गाडी टिंग-टिंग करते, त्याचा नकाशाशी संबंध आहे का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने चालताना मोबाइलचा आकडा खऱ्याच्या अधिक जवळ असतो, कारण उपग्रहाच्या संदेशाच्या वारंवारतेत गाडीच्या गतीमुळे होणारा सूक्ष्म बदल मोजून तो काढलेला असतो. काटा मुद्दामच थोडा जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील ३९ व्या नियमानुसार मोटारीच्या काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये आणि जास्त दाखवला तरी तो खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढ्याच मर्यादेत असावा, असा दंडक आहे. म्हणजे खरा वेग १०० असताना काटा ११४ दाखवत असला तरी तो नियमात बसतो. टायर झिजले किंवा वेगळ्या मापाचे बसवले की हा फरक बदलतो. वेगाने वळताना अथवा ब्रेक दाबताना मोबाइल क्षणभर मागे पडतो, तेव्हा काट्याकडेच पाहावे.

टिंग-टिंगचा नकाशाशी काहीही संबंध नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ही सूचना बंधनकारक आहे : ८० च्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सतत. रस्ता कोणता हे तिला ठाऊक नसते. शाळेसमोर ताशी ७५ ने गेलात तर ती गप्प बसेल.

प्रश्न : पुण्याहून महाडला जाताना मोबाइलने भोरमार्गे वरंध घाटाची वाट सुचवली. अर्ध्यात गेल्यावर घाट पावसाळ्यासाठी बंद असल्याचे कळले आणि मागे फिरावे लागले. जवळची म्हणून भलतीच अरुंद वाट दाखवण्याचा अनुभव तर नेहमीचाच आहे. वाट ठरते तरी कशी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वाट शोधण्याचे गणित जुने आणि भक्कम आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली, दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी खर्चाची वाट काढण्याची रीत आजही या सगळ्याचा पाया आहे. देशभरातल्या रस्त्यांसाठी क्षणात उत्तर मिळावे म्हणून पुढे तिच्यावर बरेच संस्कार झाले. गणित चुकत नाही. चुकतो तो त्यात घातलेला ‘खर्च’. प्रत्येक तुकडा पार करायला किती वेळ लागेल हा तो खर्च, आणि इथे मर्यादेच्या आकड्याचा उपयोग फारच थोडा होतो. जुनी उपकरणे मर्यादेलाच वेग समजून वेळ काढत, त्यामुळे ती नेहमी भलत्या आशावादी वेळा सांगत. आता त्या तुकड्यावरून त्या वारी, त्या तासाला गेलेल्या मोबाइलचा प्रत्यक्ष वेग धरतात आणि चालू गर्दीची त्यात भर घालतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर याचा फार चांगला उपयोग होतो, कारण तिथे कोणत्याही क्षणी हजारो मोबाइल धावत असतात. वरंध घाटात पावसाळ्यात एकही नसतो. कुणीच जात नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असाही होतो आणि रस्ता बंद आहे असाही. यंत्राला तो फरक आपोआप कळत नाही. घाट बंद ठेवण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वर्तमानपत्रात येतो, भोरच्या एसटी स्थानकात कळतो, फाट्यावरचा टपरीवालाही सांगतो. नकाशात मात्र तो कुणी नोंदवला तरच येतो. अरुंद वाटांचे कारण जवळपास हेच आहे. दोन गावांमधल्या रस्त्यावरून फार थोडे मोबाइल जात असतील, तर रस्त्याच्या दर्जावरून धरलेला वेग वापरला जातो, आणि कागदावर ५० ने जाता येणारा तो रस्ता प्रत्यक्षात ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीमागे १५ नेही सरकत नाही. तीन मिनिटे वाचतात असे दिसले की यंत्र निमूटपणे तिकडे वळवते.

हा विषय गैरसोयीपुरता राहत नाही, म्हणून थोडे अधिक लिहितो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, रात्रीच्या वेळी नकाशा पाहत चाललेली एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली आणि चालकाचा जीव गेला. हा पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे परिसरात सर्वांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे दगावले. त्या पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. दोन्ही ठिकाणी नकाशाइतकाच दोष रस्ता अडवून न ठेवणाऱ्यांचाही होता, असे माझे मत आहे. नकाशा नसता तरी अनोळखी माणूस अंधारात त्या पुलावर जाऊ शकला असता.

आपल्यासाठी व्यवहारातला उपाय असा : निघण्यापूर्वी सुचवलेली वाट गावांच्या नावांनिशी एकदा वाचावी आणि नको असलेला घाट दिसला तर हव्या त्या वाटेवरचे गाव मधला थांबा म्हणून घालावे. महाडसाठी ताम्हिणी घाटाने जायचे असल्यास माणगाव हा थांबा द्यावा, मग यंत्राला वरंधकडे वळायला वावच उरत नाही. ताम्हिणी चालू आहे ना, हेही पावसाळ्यात आधी विचारून घ्यावे. ‘टोल टाळा’ ही सोय मागच्या कधीतरीच्या प्रवासापासून चालूच राहिलेली नाही ना, तेही पाहावे. पत्रांतल्या बऱ्याच अगम्य वाटांचे मूळ तिथे आहे, असा मला दाट संशय आहे. आणि दुचाकीवर असाल तर दुचाकीचा पर्याय निवडावा, नाहीतर नकाशा आपल्याला मनाई असलेल्या द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी नेऊन उभे करील.

प्रश्न : आम्ही वेल्समध्ये कार्डिफ इथे राहतो. गाडीचा नकाशा वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० मैल दाखवतो, शेजारी म्हणतात मर्यादा २० आहे, आणि आतल्या रस्त्यांवर फलक दिसतच नाहीत. काय धरावे?
— एक वाचक, कार्डिफ

उत्तर : शेजारी सांगतात ते. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून ‘रिस्ट्रिक्टेड’ रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ३० वरून २० मैलांवर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटरवर, आली. दिव्यांचे खांब एकमेकांपासून २०० यार्डांच्या आत असलेला रस्ता या वर्गात मोडतो, आणि मर्यादा हीच गृहीत धरलेली असल्याने आतल्या गल्ल्यांत तिचे फलक पुन्हा पुन्हा लावलेले नसतात. ३० राखलेल्या दिव्यांच्या रस्त्यांवर मात्र तसे फलक लावलेले असतात. म्हणजे तिथे दिव्याचा खांब हीच पाटी समजायची. एका रात्रीत मर्यादा बदललेले असंख्य तुकडे जुन्या नकाशात ३० च राहिले आहेत; आपल्या गाडीचा नकाशा त्या तारखेनंतरचा नसेल तर वस्तीत त्याच्या आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करावे.

युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओलांडताच चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि ती नकाशा व कॅमेरा या दोहोंवर चालू शकते. ब्रिटनने ती सक्ती स्वीकारलेली नसली तरी तिथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ती बसवून येते. आपल्या गाडीत ती असेल, तर ३० समजून ती २८ वर शांत राहील, आणि या शांततेचा अर्थ आपण बरोबर चालला आहात असा नाही.

प्रश्न : मी माल पोहोचवणारा टेम्पो चालवतो. मालक आपल्या मोबाइलवर इचलकरंजी ते भिवंडी हा वेळ काढतात आणि तेवढ्यातच पोहोचला पाहिजेस म्हणतात. नाही पोहोचलो तर पैसे कापतात.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मालकांच्या मोबाइलवरची वेळ मोटारीची आहे. जिथे मोटारीला १०० ची मुभा आहे तिथे आपल्याला ८०, आणि जिथे तिला ७० आहे तिथे आपल्याला ६० आहे. घाटात तर जड वाहनांची मर्यादा आणखी खाली येते. साध्या हिशेबाने, ३०० किलोमीटरला सरासरी ८० ऐवजी ६० धरले तर तीन तास पंचेचाळीस मिनिटांचे पाच तास होतात, आणि त्यात जेवण, टोलनाका किंवा माल उतरवण्याची रांग धरलेली नाही. घाई करून हा फरक भरून काढण्याच्या फंदात पडू नये : रस्त्यावरच्या कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधले अंतर पार करायला किती वेळ लागला यावरून सरासरी वेग काढणारी यंत्रणा असेल, तर केवळ कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून काही साधत नाही.

मालकांना मात्र कलम १८३ चे चौथे पोटकलम जरूर दाखवावे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय ठरावीक वेळेत पूर्ण होणे शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर त्या प्रवासाचे वेळापत्रक काढणे किंवा तसा हुकूम देणे हाच तो देणाऱ्याने गुन्हा केल्याचा सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो, असे त्यात म्हटले आहे. हा कायदा मोबाइलमधल्या नकाशांच्या कितीतरी आधीचा आहे. ‘इतक्या वाजेपर्यंत पोहोच’ असे मालक संदेशात लिहून पाठवत असतील, तर तो संदेश जपून ठेवावा.